९६ टक्क्यांची शांतता

हा घटनाक्रम ११ जुलैच्या सकाळी सुरू होतो आणि १२ जुलैला सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी संपतो. जागा भोर शहरातलं एका दूध संस्थेचं ऑफिस. संस्थेचं नाव लिहीत नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. भोर तालुक्यातली आणि पलीकडच्या वेल्ह्यातली (सरकारदरबारी आता राजगड तालुका, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच) अशी २९ संकलन केंद्रं एका सर्व्हरवर चालतात. सर्व्हर म्हणजे अकाउंटच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला जुना डबा. त्यावर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याला मी राखणदार म्हणतो, आणि त्याचे इशारे माझ्या मोबाइलवर येतात.

प्रत्येक वेळेपुढे शिल्लक जागेचा आकडा दिला आहे. तो त्या क्षणी मला माहीत नव्हता. सगळं संपल्यावर देखरेखीच्या आलेखावरून मागे मोजत काढला.

११ जुलै, सकाळी ९.४० (शिल्लक ३९ जीबी)

कापूरहोळच्या फाट्यावर चहा घेत होतो. फोन वाजला: डिस्क ८६ टक्के. मी न वाचताच बाजूला सारला.

न वाचण्याला कारण होतं. जूनपासून हा फोन दिवसाला आठ-दहा वेळा वाजत होता. सुरुवातीला तर तो रोज सांगायचा की एक डिस्क १०० टक्के भरली. मी धावत गेलो आणि पाहिलं, तर ती डिस्कच नव्हती. लिनक्सवर काही प्रोग्रॅम गठडी बांधल्यासारखे एकाच बंद फाइलमध्ये येतात आणि ती फाइल डिस्क असल्यासारखी जोडली जाते. तिच्यात कुणी काही लिहू शकत नाही. ती जन्मतःच १०० टक्के भरलेली असते आणि तशीच राहते. बरणी भरून झाकण लावलंय, आणि राखणदार ओरडतोय की बरणी भरली! असल्या गठड्या मोजू नकोस हे त्याला सांगायला मला दोन आठवडे लागले. तोवर माझ्या कानाला सवय झाली होती. भाटघर धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पाण्याचा आवाज येईनासा होतो, तशी.

सकाळी ११.१५ (शिल्लक ३९ जीबी)

ऑफिसात आल्यावर म्हटलं, ८६ म्हणतोय तर एकदा बघू. ‘डीयू’ नावाची आज्ञा चालवली. ती प्रत्येक कप्प्यात शिरून फाइली मोजते आणि बेरीज देते. दूध-हिशेबाच्या प्रोग्रॅमची एक लॉग फाइल ३८ जीबीची निघाली. महिन्याच्या सुरुवातीला एका केंद्राची फॅट चुकीची येत होती म्हणून आम्ही बारीकसारीक नोंद सुरू केली होती, ती बंद करायची राहिली. तासाला दीडशे एमबी या वेगानं ती फुगत होती. मी ती पुसली. पुन्हा डीयू चालवलं: ३९६ वरून ३५८. हात झटकले.

पाच मिनिटांनी फोन: डिस्क ८६ टक्के.

इथे मी ठरवलं की राखणदार खोटा आहे. माझ्या डोळ्यांसमोर ३८ जीबी गेले आणि हा म्हणतो काहीच हललं नाही. नक्कीच जुनं रीडिंग धरून बसलाय.

खरं काय होतं ते आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचं नाव यादीतून जातं. पण एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल तर जागा सुटत नाही. तो लिहीतच राहतो, नाव नसलेल्या फाइलीत. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं, पण कूळ जमिनीवर बसलेलंच. डीयू सातबारा वाचतं. ‘डीएफ’ नावाची दुसरी आज्ञा आहे, ती धरणाच्या भिंतीवरची पट्टी वाचावी तशी डिस्कची पातळी वाचते. तिला नावागावाशी देणंघेणं नाही. राखणदारही पट्टीच वाचत होता. म्हणजे तो खरं बोलत होता आणि मी सातबारा हातात घेऊन त्याच्याशी भांडत होतो.

त्या क्षणी डीएफ ही दोन अक्षरं टाइप केली असती तर हा लेख झाला नसता. मी नाही केली.

दुपारी १.३० (शिल्लक ३८ जीबी)

जेवताना फोन पुन्हा वाजला. अण्णा, म्हणजे आमचे व्यवस्थापक, समोरच बसले होते.

“काय रे, सारखं काय वाजतंय?”

“काही नाही अण्णा. खोटा इशारा आहे.”

“मग बंद कर की. त्या आवाजानं जेवण जाईना.”

बंद नाही केला. तेवढी अक्कल होती. इशाऱ्याची पातळी वर सरकवली. ८५ वर ओरडत होता, ते ९६ केलं. माझा हिशोब साधा होता: डिस्क ४५८ जीबीची; ९६ टक्क्यांना उरतात ४ टक्के, म्हणजे १८ जीबी. तेवढ्यात माणूस नसरापूरहून भोरला येऊन साफसफाई करून परत जाईल.

(डिस्क विकत घेतली तेव्हा खोक्यावर ५०० जीबी लिहिलं होतं. दुकानदार हजारानं मोजतो, संगणक १०२४ नं. म्हणून ५०० चे ४६५ होतात, आणि फाइलव्यवस्थेची स्वतःची वहीखाती गेल्यावर ४५८. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला याचं नवल नाही. लिटरभर दूध काट्यावर १ किलो ३० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि त्या ३० ग्रॅमवरून आमच्या केंद्रांवर भांडणं झालेली आहेत.)

या हिशोबात एक भोक होतं. लिनक्सची नेहमीची फाइलव्यवस्था डिस्कचा ५ टक्के भाग मूळ मालकासाठी, म्हणजे ‘रूट’साठी, राखून ठेवते. बाकीच्यांना तो मिळत नाही. आमचा डेटाबेस रूट म्हणून चालत नाही. कुणाचाच चालू नये. त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीनं डिस्क ९५ टक्क्यांना संपते. डीएफला हे ठाऊक आहे. तो राखीव भाग वगळून ते टक्के काढतं आणि त्या दुपारी त्यानं ९२ दाखवले असते. आमचा राखणदार मात्र भरलेली जागा भागिले एकूण जागा एवढंच करत होता. त्याचे ९५ म्हणजे डेटाबेसचे १००.

म्हणजे मी घंटा छताच्या वर टांगली होती. पाणी छताला लागेल, माणसं बुडतील, आणि घंटा वाजणार नाही.

धरणांच्या आकड्यांत वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. आपल्याकडे धरणाचे टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. मृत साठा त्यात धरत नाहीत. म्हणून तर उजनी उन्हाळ्यात ‘उणे’ जाते. तिचा मृत साठाच ६३ टीएमसीच्या वर आहे, शून्य टक्क्यांना सुद्धा धरणात समुद्र असतो. पेपरात ‘उजनी उणे’ वाचून सोलापूरच्या माणसाला काय ते बरोबर कळतं. टक्के कुठून कुठवर मोजलेत हे त्याला माहीत असतं. मला माझ्या डिस्कचं माहीत नव्हतं.

फोन गप्प झाला. अण्णांनी भात वाढून घेतला.

संध्याकाळी ५.४५ (शिल्लक ३७ जीबी)

पाऊस वाढला आणि लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर आहे. बॅकअपची बाहेरची डिस्क नव्हती. तिचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगात होता. ती विझली. २० मिनिटांनी लाइट आली, डिस्कचा निळा दिवा लागला. अकाउंटच्या ताईंनी दिवा बघून सांगितलं, “सगळं सुरू झालं हो.” मीही दिवा पाहिला आणि बरं म्हटलं.

डिस्क सुरू झाली होती, पण जोडली गेली नव्हती. मी तिची नोंद ‘दुसरी डिस्क’ अशी नावानं केली होती. परत येताना यंत्रानं तिला ‘तिसरी डिस्क’ म्हणून घेतलं. प्रत्येक डिस्कला न बदलणारा एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो, तो लिहायला हवा होता. आता ‘बॅकअप’ नावाचा कप्पा जागेवर होता, पण त्याच्यामागे बाहेरची डिस्क नव्हती. तो मुख्य डिस्कवरचाच एक रिकामा कप्पा झाला होता.

रात्री ९.०० (शिल्लक ३६ जीबी)

संध्याकाळचं संकलन सगळीकडून आलं. वेल्ह्याकडच्या दोन केंद्रांना रेंज नव्हती, त्यांचं उशिरा आलं. घरी जेवून झोपलो. आठवड्यात पहिल्यांदा फोन उशाशी ठेवून झोप लागली.

१२ जुलै, मध्यरात्रीनंतर १२.३० (शिल्लक ३६ जीबी)

दहा दिवसांच्या बिलाचं काम आपोआप सुरू झालं. १ ते १० तारखेचं दूध, फॅट, एसएनएफ, दर, खाद्याची कपात, उचल. १२ तारखेला पैसे खात्यावर जायचे होते. हे काम दीड तासात पाचेक जीबी खातं आणि संपल्यावर बरंचसं परत देतं.

रात्री २.०० (शिल्लक ३० जीबी)

बॅकअप सुरू झाला. बॅकअप या कप्प्यात लिहायचं एवढंच त्याला ठाऊक. मागे डिस्क आहे का हे विचारायची एक ओळ त्या स्क्रिप्टमध्ये नव्हती. तो मुख्य डिस्कचीच प्रत मुख्य डिस्कवर ओतू लागला. घर वाचवायला घरातलं सामान काढलं आणि ते त्याच घराच्या दारात रचलं.

रात्री २.४७ (शिल्लक ०)

डेटाबेस थांबला. जागा नाही, एवढंच लिहून त्यानं स्वतःला बंद केलं. पुन्हा उठायला जागा लागते, ती नव्हती, म्हणून दर थोड्या वेळानं उठायचा प्रयत्न करून पडत राहिला. बिल अर्ध्यात मेलं. बॅकअपची २८ जीबीची अर्धवट फाइल तशीच पडून राहिली.

राखणदारानं २.५० ला नोंद केली: ९५ टक्के. मर्यादा ९६. सगळं ठीक.

भल्याभल्यांचं असं होतं, हे समाधान म्हणून नव्हे, माहिती म्हणून. २०२३ च्या २९ ऑगस्टला टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने बंद पडले. सायबर हल्ल्याची कुजबुज झाली. पुढे कंपनीनंच सांगितलं: २७ तारखेच्या देखभालीत डेटाबेसमधला साठलेला डेटा पुसून आवरताना डिस्कची जागा अपुरी पडली आणि सुट्या भागांच्या मागणीची यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हरही त्याच व्यवस्थेवर होते, तेही त्याच कारणानं थांबले. अखेर जास्त जागेच्या सर्व्हरवर डेटा हलवला तेव्हा गाड्या पुन्हा बनू लागल्या.

पहाटे ५.५० (शिल्लक ०)

पहिला फोन वेल्ह्याकडून. “दादा, काटा चालतोय, फॅट येतीय, पन पावती निघंना.”

“नेट बघा.”

“नेट हाय की. वाट्सप चालतंय.”

मी मोबाइलवर राखणदार उघडला. सर्व्हर हिरवा, डिस्क हिरवी, मेमरी हिरवी. रूटसाठी राखलेले ५ टक्के अजून शाबूत होते, त्यामुळे यंत्राचा स्वतःचा कारभार सुरळीत होता. राखणदारही रूटच्या पंक्तीत जेवणारा. त्याला टंचाई कशी कळणार?

तिसऱ्या केंद्राचा फोन आल्यावर गाडी काढली. दरम्यान सगळ्यांना सांगितलं: वहीत लिहा. हे एक वाक्य त्या सकाळचं माझं एकमेव बरोबर काम. दूध थांबत नाही. गाईला सर्व्हर डाउन आहे हे सांगता येत नाही.

कापूरहोळ ते भोर रस्ता पावसात किती लांब होतो ते त्या भागातल्यांना सांगायला नको.

सकाळी ७.०५ (शिल्लक ०)

अखेर डीएफ चालवलं. १०० टक्के. शिल्लक शून्य. राखणदार शेजारी म्हणतोय ९५. डीयू म्हणतंय ३९५. तीन यंत्रं, तीन आकडे, आणि मी काल दुपारपासून त्यातलं एक निवडून दुसऱ्याला खोटं म्हणत आलेलो.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती नीटनेटकेपणाच्या सवयीनं झाली. बॅकअपची डिस्क जोडलेली नाही हे दिसलं, म्हणून ती जोडली. बॅकअप कप्प्यावर खरी डिस्क येऊन बसली आणि तिच्याखाली रात्रीची २८ जीबीची अर्धवट फाइल झाकली गेली. आता डीयूला ती दिसेना. वेळवंडी नदीच्या काठच्या लोकांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही: भाटघरचं पाणी चढलं की कांबरेश्वराचं देऊळ दिसेनासं होतं, पण ते असतंच, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा दर्शन. माझी फाइलही तिथेच होती, फक्त पाण्याखाली.

डीयू आता ३६७ म्हणू लागलं. डीएफ ४३५ भरल्याचं सांगत होतं. ६८ जीबीचा हिशोब लागेना.

त्यातले ४० जीबी काल पुसलेल्या, अजून उघड्या असलेल्या लॉगचे होते. नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी एका आज्ञेत मिळते. दूध-हिशेबाचा प्रोग्रॅम नुसता बंद करून सुरू केला असता तर ४० जीबी त्या क्षणी सुटले असते आणि डेटाबेस आपल्या पायांवर उभा राहिला असता. दहा मिनिटांचं काम. हे मला त्या दिवशी दुपारी कळलं.

सकाळी ७.४० (शिल्लक ०)

अण्णा आले. केंद्रांचे फोन त्यांच्याकडेही जात होते. मागून संचालकांपैकी एकजण. “बिल आज जाणार ना?” या प्रश्नाला मी दोनदा हो म्हटलं.

इथे थोडं थांबतो. त्या दिवशी तारीख १२ जुलै होती याची मला कुणीतरी नंतर आठवण करून दिली. वेल्हे तालुक्यात ही तारीख सांगावी लागत नाही. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण १९६१ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा भरत होतं, आणि काम पुरं झालेलं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीच्या बांधकामात सळ्यांचं काँक्रीट नव्हतं, तिचे दरवाजे पूर्ण बसलेले नव्हते; मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. ११ जुलैला लष्कराचे जवान आले आणि रात्रभर खचणाऱ्या बांधावर पोती रचत राहिले. १२ तारखेच्या सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खाली १८७९ चं खडकवासलाही गेलं. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या.

टेबलाखालच्या डब्याची त्या दिवसाशी तुलना करणं अश्लील आहे आणि मी ती करत नाही. एकच गोष्ट घेतो. जवानांना धरण वाचवता आलं नाही. त्यांनी तास मिळवले. रात्री फुटायचं ते सकाळी फुटलं आणि पाणी पुण्यात दिवसाउजेडी शिरलं. झोपेत शिरलं असतं तर मृतांचा आकडा काय झाला असता ते सांगायला नको. त्या बांधावर, अमुक टक्के खचला, या माहितीचा कुणाला काय उपयोग होता? किती तास उरलेत, हा प्रश्न होता. आणि माझ्या फोनवर तीन आठवडे फक्त टक्के येत होते. ८६ टक्के हा आकडा दहा वर्षं टिकू शकतो किंवा रात्रीत संपू शकतो. २ वाजल्यानंतर कुणी मला ‘४५ मिनिटं उरली’ असं सांगितलं असतं तर मी अंगावरच्या कपड्यांनिशी उठलो असतो.

सकाळी ८.०५ (शिल्लक ०)

जागा करायची, एवढंच डोक्यात होतं. काय पुसता येईल ते शोधत डेटाबेसच्या कप्प्यात शिरलो. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती जुनी, ९.६. तिच्यात ‘एक्सलॉग’ नावाचा एक कप्पा असतो. १६-१६ एमबीच्या फाइलींची रांग, मिळून पाच जीबी. नावात लॉग आहे. काल लॉग पुसला होता. लॉग म्हणजे जुनी बडबड.

तो लॉग नव्हे. ती डेटाबेसची रोजकीर्द आहे. खतावणीत नोंद जाण्याआधी जिच्यात उतरवून ठेवतात ती वही. डेटाबेस पडला तर तिच्यावरून तो स्वतःला उभं करतो. ती गेली की खतावणी अर्धी लिहिलेली, आणि कुठवर लिहिली ते सांगणारं कुणी नाही.

ही चूक जगभर इतक्या जणांनी केली आहे की २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत पोस्टग्रेसवाल्यांनी त्या कप्प्याचं नावच बदललं. नावातून ‘लॉग’ हा शब्द काढून टाकला. आमची आवृत्ती त्याच्या एक पायरी आधीची.

सकाळी ८.१२

पुसलं. पाच जीबी मोकळे झाले. डेटाबेस सुरू केला. त्यानं एक ओळ लिहिली आणि कायमचा पडला: विश्वासार्ह टप्पा सापडत नाही.

पोस्टग्रेसनं नाव बदललं त्याच वर्षी, २०१७ च्या ३१ जानेवारीच्या रात्री, गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्यानं दुसरा सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेसचा कप्पा पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं; तोवर ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही कामाची नाही. योगायोगानं सहा तासांपूर्वी कुणीतरी हातानं घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर भागलं. त्यांनी सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं. हे वाचून मी कधीकाळी हसलो होतो.

त्यानंतर

घटनाक्रम संपला. उरलेलं थोडक्यात. बाहेरच्या डिस्कवर ११ तारखेच्या पहाटे २ चा धड बॅकअप होता. लाइट जाण्याआधीचा शेवटचा. तो परत चढवायला दुपार गेली. १ ते १० तारखेचं सगळं दूध त्यात होतं. ११ तारखेची सकाळ आणि संध्याकाळ मात्र कुठेच नव्हती. १२ च्या सकाळचं वहीत होतं.

दोन डागडुज्या विशेष लक्षात ठेवण्यासारख्या. राखणदार आता टक्के तिथवरच मोजतो जिथे डेटाबेसची जागा संपते, रूटची नव्हे. आणि गेल्या सहा तासांच्या वेगानं डिस्क किती तासांत भरेल तेही सांगतो. १२ तासांच्या आत आलं तरच फोन वाजतो. दुसरी: बॅकअप सुरू होण्याआधी स्क्रिप्ट विचारते की कप्प्यामागे खरोखर डिस्क आहे का, नसेल तर लिहीतच नाही. भाटघरला पाणी ठरावीक पातळीला आलं की ४५ स्वयंचलित दरवाजे आपले आपण उघडतात. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यावर तसले दरवाजे १९०३ मध्येच बसवले होते. कुणाला फोन करून उठवत बसायची भानगड त्यांनी ठेवली नव्हती. आम्ही शंभर-सव्वाशे वर्षांनी तिथवर आलो.

अण्णा मला रागावले नाहीत. “तू त्याला खोटं म्हणालास, आणि मी म्हणालो बंद कर,” एवढंच म्हणाले, आणि केंद्रांना फोन लावायला बसले. ११ तारखेच्या पावत्या परत मागवल्या. चार दिवस टेम्पोबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या येत राहिल्या: ओल्या, चुरगळलेल्या, हळदीचे डाग पडलेल्या, एका पिशवीत देवाच्या अंगाऱ्याची पुडी. ताईंनी आणि मी त्यांतल्या पावत्या रात्री बसून संगणकात भरल्या. बिल १२ ऐवजी १६ तारखेला गेलं. १७ पावत्यांवरची थर्मल छपाई पूर्ण उडाली होती. त्या दुधाचे पैसे आदल्या दहा दिवसांच्या सरासरीनं दिले.